पेंढ्याची नळी

काशीनाथला बोट लागायची. घाटावरच्या माणसाला लागली तर समजू शकतं, पण धाकट्या डहाणूच्या, मासेमारीवर जगणाऱ्या मांगेल्याच्या पोराला? होडीनं खाडीचं तोंड ओलांडलं की याचा चेहरा पांढराफटक पडायचा, आणि बाकीचे जाळं ओढत असताना हा आपला कडेला ओणवा होऊन पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करत असायचा. बाप डोक्याला हात लावायचा. "हे माझं नव्हेच! कुणीतरी डोंगरातलं आणून टाकलंय," असं चारचौघांत म्हणायचा. आई लहानपणीच गेलेली. तेव्हा बापाच्या शिव्या आणि हे पोर यांच्यामध्ये उभी राहायची ती थोरली बहीण, बायजा. काशीनाथ तिला बाय म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर आई म्हणून त्याला आठवायची ती हीच.

बायजा डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बाजार करायची. तिनंच बापाला न विचारता धाकट्याला मुंबईला धाडलं. नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीनं तो एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटला. तिथला उस्ताद हातानं देवमाणूस आणि तोंडानं फटकळ. त्याचं एकच पालुपद असायचं: "पेटीत नागडी तार दिसली की तुझ्या पाठीवर माझी पट्टी दिसेल."

हे नागड्या तारेचं प्रकरण नीट कळायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. तेव्हाचे रेडिओ म्हणजे काचेच्या दिव्यांचे, कपाटाएवढे. आत पत्र्याची बैठक, आणि तिच्या पोटात कंडेन्सरसारखे लहानमोठे तुकडे एकमेकांना तारांनी जोडलेले. कारखान्यात प्रत्येक तुकडा मापात बसवलेला असतो. पण दुरुस्तीला मापाचा तुकडा मिळतो कुठे? मिळेल तो बसवायचा, आणि मग त्याचे तारेचे उघडे पाय इकडून तिकडे लांब न्यावे लागतात. हे पाय एकमेकांना शिवले तर रेडिओ गेला. विजेचा पाय पत्र्याला शिवला, तर रेडिओला हात लावणारा गेला. म्हणून प्रत्येक पायावर आधी नळी चढवायची, रोगण पाजलेल्या कापडाची, बारीक, पिवळी, आणि मगच तापलेल्या कैयानं कथिलाचा डाग द्यायचा. उस्तादाकडे हे काम काशीनाथनं वर्षानुवर्षं केलं. झोपेतसुद्धा त्याची बोटं नळी चढवल्यासारखी हलायची म्हणतात.

साठ सालच्या आगेमागे तो परत आला आणि डहाणूला स्टेशनजवळ त्यानं दुकान टाकलं. दुकान कसलं, बोळ होता तो. शेजारी चिकूचा माल भरायची वखार. घोलवडकडचे चिकू टोपल्यांत पेंढा घालून भरायचे, टोपल्या शिवायच्या आणि गाडीला लावायच्या. वारा सुटला की तो पेंढा उडून काशीनाथच्या दुकानात. कंडेन्सरच्या डब्यात पेंढा, चहाच्या कपात पेंढा, डोक्यात पेंढा. तो रोज वखारवाल्यांशी भांडायचा आणि रोज त्यांच्याकडचा चहा प्यायचा.

धंदा मात्र चालला बरं का! वाडीवाल्यांच्या घरी रेडिओ आलेले, बाजारात आलेले, खाडीपलीकडे धाकट्या डहाणूतही पाचसहा घरांत वीज आणि विजेमागोमाग रेडिओ. काशीनाथचा हात चांगला होता. नाकावर राग होता तो वेगळा. त्याच्या कामात कुणी खोट काढली की संपलंच. "तुम्ही दुरुस्त करता का? घ्या, बसा माझ्या जागेवर!" असं म्हणून तो हातातला तापलेला कैया गिऱ्हाइकापुढे धरायचा. गिऱ्हाईक दोन पावलं मागे.

मग चीनशी लढाई झाली आणि पुढची काही वर्षं मुंबईहून माल येण्याचे वांधे झाले. कंडेन्सर कसेबसे मिळायचे, पण नळी? नावच नको. उस्तादाकडे माणूस पाठवला तर त्यानं वितभर तुकडा दिला आणि जपून वापर म्हणाला. वितभर! त्यात एक रेडिओ निघेना. दुकानात उघडे रेडिओ रांगेनं पडून राहिले, गिऱ्हाइकं दारात येऊन टोमणे मारायला लागली. आणि अशा एका दुपारी काशीनाथनं चिडून कपातली पेंढ्याची काडी उचलून फेकली, फेकता फेकता थांबला, आणि तिच्याकडे बघत बसला. भाताची काडी. आतून पोकळ. खडखडीत वाळलेली. त्यानं पात्यानं तिची पेरं छाटली आणि कंडेन्सरच्या पायावर चढवून पाहिली. जणू त्याच मापाची बनवलेली.

पहिल्या पहिल्या काड्या त्यानं लाखेच्या पाण्यात बुडवून वाळवल्या होत्या, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. लाख बसली की काडी ओल धरत नाही, एवढं त्याला कळत होतं. पण लाख वाळायला वेळ लागतो, दिवाळी तोंडावर आलेली, आणि जो तो म्हणतो माझा आधी. एक रेडिओ त्यानं कोऱ्या काडीवर सोडला. चालला. दुसरा सोडला. तोही झकास. मग लाखेची बरणी फळीवर गेली ती गेलीच. वर शेखी! येणाऱ्याजाणाऱ्याला पेटी उघडून दाखवायचा, "बघा, मुंबईवाल्यांचं अडलं, आपलं नाही अडलं." लोकही कौतुक करायचे. वखारवाले तर म्हणायचे, आमच्या पेंढ्यावर गाणी वाजतात. एकानंही विचारलं नाही की बाबा, पावसाळी हवेत याच पेंढ्याचं काय होतं, ते आपल्याला गोठ्यात दिसत नाही का? सगळी भातशेतीच्या मुलखातली माणसं, पण पेंढा पेटीत गेला आणि सगळ्यांची अक्कल चरायला गेली.

त्याच दिवाळीत भाऊबिजेला काशीनाथ खाडीपलीकडे बायजाकडे गेला तो रेडिओ खांद्यावर घेऊन. एका वाडीतून भंगारात निघालेला सेट त्यानं आतून बाहेरून नवा केला होता. आत सगळीकडे पेंढ्याच्या नळ्या, बाहेर पॉलिश, आणि फिरवायची बटणं चोरबाजारातून आणलेली, पितळेची, घासून लख्ख केलेली. बायजाचा नवरा हरेश्वर तेव्हा घरीच होता. त्यानं दोनदा विचारलं, "खरंच आमचा?" बायजानं ओवाळलं, आणि मग पदरानं रेडिओ पुसला, पुसलेलाच परत पुसला. दुसऱ्या दिवसापासून तिचं सुरू झालं. माझ्या भावानं केला. माझ्या भावानं स्वतःच्या हातानं केला. दुकानातला नव्हे गं, हातानं केलेला! शेजारच्या रखमाबाईचा बंद पडलेला रेडिओ तिनं आपणहून उचलून काशीनाथकडे पाठवला. आळीतले बाकीचे तिच्या तोंडाला कंटाळून गेले असतील, पण गेले सगळे काशीनाथकडेच.

बायजाला गाण्यांचं वेड नव्हतं. तिला पाहिजे असायचा संध्याकाळचा हवेचा अंदाज. हरेश्वर होडी घेऊन बाहेर गेला की सूर्य कलताना ती मासळीचं काम आटपायची, ओटीवर यायची, रेडिओ लावायची आणि वारा कुठला, लाट किती, हे ऐकून घ्यायची. ते ऐकलं की मग चूल.

थंडी सरली, शिमगा आला. समुद्रावरचा खारा दमट वारा सुटला, मीठ ओलं व्हायला लागलं, पापड मऊ पडायला लागले. त्या दिवसांत बाजारातला एक गुजराती कापडवाला दुकानात आला आणि अगदी नरमाईनं म्हणाला, "काशीभाई, तमारो रेडियो थोडो करंट आपे छे. हात लावला के झिणझिण होते." झालं! काशीनाथ उसळलाच. "ओले हात लावता आणि माझ्या नावानं बोंबलता? हात पुसा शेठ, हात! माझ्या कामात झिणझिण नसते." एवढा आवाज चढवला की वखारीतली माणसं टोपल्या टाकून बघायला आली. कापडवाला बिचारा रेडिओ बगलेत मारून आला तसा गेला. पेटी उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. तेवढी त्यानं दिली नाहीत.

आणि मग वैशाखातली ती दुपार. काशीनाथ जेवून, जरा पडून नुकता कामाला बसला होता. महादेवभाऊंच्या चिकूच्या वाडीवर काम करणारा लक्ष्या दारात येऊन उभा राहिला. पोटाशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं, आणि माणूस घामानं निथळतोय.

"काय रे, लक्ष्या?"

लक्ष्यानं गोधडी खाली ठेवली. आत महादेवभाऊंचा रेडिओ. "काकूला धरलं यानं," तो म्हणाला.

"धरलं म्हणजे?"

"धरलं, मिस्त्री. सोडंच ना."

चंपाकाकू म्हणजे महादेवभाऊंची बायको. डहाणूत त्यांच्या घरी जाऊन हातावर काही न पडता परत आलेला माणूस सापडणार नाही, असं ते घर. लक्ष्यानं अडखळत सगळं सांगितलं. काकू तुळशीला पाणी घालून ओल्या पायांनी ओटीवर आल्या. रेडिओचं बटण महिन्यापूर्वीच निखळून हरवलेलं, आतली लोखंडी दांडीच चिमटीत धरून फिरवायचे. काकूंनी चिमूट लावली आणि नुसता घशातून एक आवाज आला. लक्ष्या अंगणात होता. त्यानं पाहिलं तर काकू ताठ, डोळे फिरलेले, हात रेडिओला चिकटलेला, आणि रेडिओवर भजन चाललेलं! त्याच्या हातात चिकू काढायची लांब काठी होती. त्यानं ती तारेवर घातली आणि तार भिंतीतून उपसून काढली. काकू धाडदिशी खाली.

"जिवंत आहेत ना रे?" काशीनाथ कैया टाकून उठला.

"दवाखान्यात नेलंय. श्वास चालतो, पण बोलत नाही. भाऊ म्हणाले, हे नेऊन त्याच्या तोंडावर टाक." त्यानं गोधडी बाजूला सारली. "मी टाकलं नाही, मिस्त्री. ठेवलं."

काशीनाथनं पेटीची पाठ उघडली. आतून कुबट वास आला, पावसाळ्यात गोठ्याच्या माळ्यावर येतो तसा. विजेची तार जिथे आत येते तिथे त्यानं स्वतः बसवलेला कंडेन्सर होता. त्याच्या पायावरची काडी ओल पिऊन फुगली होती, बुरशीनं हिरवी-काळी झाली होती, आणि मधोमध उभी चिरली होती. त्या चिरेतून तारेचा उघडा पाय बाहेर येऊन सरळ पत्र्यावर टेकला होता. अहो, टेकला कसला, तिथे जळून काळा ठिपका पडला होता! त्यानं दुसरी काडी बघितली. फुगलेली. तिसरी बघितली. बोट लावताच तिचा भुगा झाला.

तो तसाच जमिनीवर बसला. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही, वीजवाल्यांनी नाही, ओल्या हातांनी नाही. या माझ्या हातांनी. त्याला कापडवाला आठवला, त्याचा पडलेला चेहरा आठवला, आणि शरमेनं कानशिलं तापली. असे किती रेडिओ! डहाणूत, घोलवडला, पार तलासरीच्या नाक्यावरसुद्धा एक गेलेला. आणि मग एकदम त्याच्या काळजात चर्र झालं.

बाय.

पितळेची बटणं. लाकडाची नव्हे, पितळेची, हौसेनं बसवलेली! हरेश्वर आठवड्याचा बाहेर गेलेला. म्हणजे सूर्य कलताना ती मासळी धुऊन येणार. मिठाचे ओले हात. शेणानं सारवलेली ओलसर जमीन. अनवाणी पाय.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. काशीनाथनं दुकान उघडं टाकलं, वखारवाल्याची सायकल न विचारता उचलली आणि निघाला. बाकीच्या घरांचं काय, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. कापडवाल्याचं दुकान वाटेतच होतं, तिथे त्यानं सायकलवरूनच ओरडून सांगितलं, "शेठ, रेडिओ काढून टाका, हात लावू नका!" शेठ तोंड वासून बघत राहिला. पण थांबून समजावायला काशीनाथला धीर नव्हता. पाय खाडीकडेच वळले. कुणाचे वळले नसते?

खाडीवर आला तर सुकती. पाणी मधल्या चिंचोळ्या धारेत, आणि दोन्हीकडे नुसता काळा चिखल. तरीवाला तुक्या होडी कलती करून सावलीत बिडी ओढत बसलेला.

"तुक्या, चल. पलीकडे सोड."

"पाणी चढू दे की. चिखलातून होडी ढकलू काय?"

"अरे, बायचा जीव जाईल!"

तुक्या उठून उभा राहिला, पण उठून काय करणार? होडी हलण्यातली नव्हती. काशीनाथनं सायकल टाकली आणि तसाच चिखलात उतरला. मागून तुक्या बोंबलतोय, "अरे ए, रुतशील! डावीकडून जा, डावीकडून!" पहिल्या दहा पावलांत चपला गेल्या. मांडीपर्यंत चिखल, कालवांच्या धारदार कवचांनी तळपाय फाटले. मधली धार छातीपर्यंत होती, ती त्यानं कशी पार केली त्याचं त्याला ठाऊक. उलटी नाही की चक्कर नाही. त्याला त्या वेळी समुद्राची आठवणच नव्हती. डोक्यात एकच चाललेलं, आज उशीर कर गं बाय, आज उशीर कर, मासळी जास्त लागू दे, कुणीतरी बोलत बसू दे, आज रेडिओ लावू नको.

पलीकडे चढला आणि आळीच्या तोंडाशी त्याला आवाज ऐकू आला. बायजाच्या घरातून. रेडिओ चालू होता.

म्हणजे बटण फिरवून झालं होतं.

"बाय!" तो ओरडला. उत्तर नाही. रेडिओवर कुणीतरी शांतपणे सांगत होतं, वारे नैऋत्येकडून, समुद्र साधारण. "बाय! ए बाय!" उत्तर नाही. पुढची धाव त्यानं कशी घेतली कोण जाणे, दाराला थडकलाच.

बायजा ओटीवर पाय पसरून बसली होती आणि जाळ्याचा फाटका तुकडा सांधत होती. तोंडात सुतळी धरलेली. म्हणून बोलता येत नव्हतं बाईला! तिनं वर पाहिलं, चिखलानं बरबटलेला, रक्ताळलेल्या पायांचा, रडवेला भाऊ पाहिला, आणि सुतळी तोंडातून गळून पडली. "अरे मेल्या, काय झालं तुला? बुडालास की काय?"

काशीनाथ हसायला गेला आणि हुंदका बाहेर आला. आहे. बसली आहे. जाळं सांधते आहे. तिच्या पायाशी लोळण घ्यावी असं त्याला वाटलं. पण आधी तो रेडिओ! तो तसाच ओल्या अंगानं रेडिओच्या फळीकडे धावला आणि पितळेच्या बटणाकडे हात नेला.

"थांब!" बायजा किंचाळली. "हात लावू नको! चावतो तो!"

काशीनाथनं हात मागे घेतला.

बायजा उठली. तिनं कोपऱ्यातला लाकडी पाट ओढून रेडिओखाली ठेवला, त्यावर उभी राहिली, खुंटीवरचा सुका जाडा फडका हाताला गुंडाळला, आणि रोजची सवय असल्यासारखं बटण फिरवून रेडिओ बंद केला. मग तार भिंतीतून उपसली. "हां. आता लाव काय लावायचा तो हात."

"तुला... तुला माहीत होतं?"

"मग? रोज मी लावते."

"कधीपासून?"

"शिमग्यापासून." तिनं फडक्याची घडी घातली. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एकदा फेकलंन मला, त्या दारापर्यंत. तेव्हापासून पाट ठेवते. पोरांना सांगून ठेवलंय, रेडिओ माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

तिनं उजवा हात मागे घेतला, पण त्यानं तो धरून पुढे ओढला. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर काळपट, टणक झालेले डाग. एकावर एक भाजलेले. काशीनाथ त्या हाताकडे बघतच राहिला. शिमग्यापासून वैशाख! संध्याकाळमागून संध्याकाळ ही बाई पाटावर चढून विजेला हात घालत होती, नवऱ्याच्या होडीला वारा कुठला आहे ते ऐकायला.

"बाय, सांगितलं का नाहीस मला?"

"आले होते की सांगायला. दुकानापर्यंत आले होते. तू त्या कापडवाल्याला फाडून खात होतास. माझ्या कामात झिणझिण नसते म्हणत होतास, एवढी माणसं गोळा झालेली. त्यांच्यात मी पुढे येऊन म्हणू, माझ्या भावाचा रेडिओ मला पण झटका देतो? तुझं नाक कापलं गेलं असतं." ती जरा हसली. "म्हटलं जाऊ दे. जुना भंगारातला सेट, माझाच तेवढा असेल असा. हातानं केलेल्या वस्तूत असतं थोडं इकडेतिकडे."

काशीनाथला वाटलं, त्या चिखलातच आपण रुतून गेलो असतो तर बरं झालं असतं. एका शब्दाचं काम होतं! शिमग्याला ही एक शब्द बोलली असती, किंवा आपण त्या शेठची पेटी एकदा उघडली असती, तर आज दुपारी चंपाकाकू तुळशीला पाणी घालून ओटीवर येऊन भजन ऐकत बसल्या असत्या. पण हे बहिणीला सांगायचं कसं? न सांगून तरी चालणार कसं? उद्या सकाळी बाजारात तिच्या कानावर येणारच होतं.

त्यानं सांगितलं. लक्ष्या, गोधडी, काठी, दवाखाना. काडी कशी चिरली होती ते सांगितलं. बायजा ऐकता ऐकता खाली बसली. तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग भावाकडे.

"म्हणजे माझ्या एकटीचाच नव्हता."

"नाही."

"मी तेव्हाच बोलले असते तर..."

"बाय, तू नाही. मी. हे माझं आहे, तू अंगावर घेऊ नको."

"गप्प बस!" ती एकदम कडाडली. इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी कधी ओरडली नव्हती. "तुझा राग जपायला मी गप्प बसले, आणि तिकडे त्या बाईला... अरे देवा! या आळीतले रेडिओ कुणी पाठवले तुझ्याकडे? मीच ना? घरोघर जाऊन, भाऊ माझा, भाऊ माझा करत?"

चंपाकाकू वाचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोलल्या, आणि पुढे बरीच वर्षं जगल्या, उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडलेली राहिली. पण त्या संध्याकाळी हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी ती बाई मरणाच्या दारात होती, आणि आळीत दिवेलागणीची वेळ झाली होती. आता घरोघरी रेडिओ लागणार होते.

बायजा उठली, पदर खोचला. "चल."

पहिलं घर रखमाबाईचं. दारात काशीनाथ उभा राहिला खरा, पण काय म्हणणार? ज्या माणसानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, त्याला आता दारोदार स्वतःची खोट सांगायची होती. रखमाबाई दिवा लावून बाहेर आली, त्याच्या चिखलाच्या अवताराकडे बघून "अगं बाई!" म्हणाली. ओटीवर तिची सून, दोन नातवंडं, समोरच्या घरातल्या बाया. सगळ्या बघताहेत.

बायजा पुढे झाली. तिनं आपला उजवा हात सगळ्यांसमोर उताणा धरला, दिव्याच्या उजेडात, ते काळे डाग दिसतील असा. "हा बघ माझा हात, रखमाबाई. माझ्या भावाच्या रेडिओनं भाजलाय. दोन-अडीच महिने लपवून ठेवला. तिकडे डहाणूत एक बाई मरायला टेकलीय. तुझा रेडिओ बंद कर, आत्ताच्या आत्ता, आणि पोरांना लांब ठेव."

रखमाबाई तिच्या हाताकडे बघत होती. मग तिनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान खाली घातली.

"दाखव गं," रखमाबाई म्हणाली.

सुनेनं हळूच हात पुढे केला. त्याच बोटावर, तसाच डाग.

"आमचा पाडव्यापासून चावतोय," रखमाबाई म्हणाली. "हिला मीच बजावलं, बायजाच्या कानावर जाऊ देऊ नको. किती कौतुक तिला भावाचं. ऐकलं तर मोडून पडेल."

समोरच्या घरातली एक बाई तिथल्या तिथे हात पदराखाली घ्यायला लागली. काशीनाथनं ते पाहिलं. तो रखमाबाईच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून मोठ्यानं रडायला लागला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

थोड्या वेळानं बायजानं त्याच्या खांद्याला धरून उठवलं. "पुढचं घर," ती म्हणाली.